मालमोटारींचा कारखाना मंदावतो तेव्हां

हौसेखातर मालमोटार कोणी विकत घेत नाहीं. वाहावयास माल असेल तरच ती घेतली जाते. म्हणून देशांतील व्यापाराची नाडी ह्या धंद्यांत लवकर कळते. 1945 सालीं टाटांनीं जमशेदपुरास स्थापिलेल्या कारखान्यांत आधीं रेल्वेचीं एंजिनें होत. 1954 पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें तेथें मालमोटारी निघूं लागल्या. पुढें पुण्याजवळ पिंपरीसही टाटांचा कारखाना झाला व भोंवतालीं सुटे भाग करणारे लहान कारखाने वाढले.

2018 च्या जुलैंत सरकारनें आंसावरील भाराची मर्यादा वाढविली. दहा चाकी गाडीचें मालासह वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलें. वाहतूकदारांस हें हिताचेंच. पण विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. सहा गाड्यांचा माल पांच गाड्यांत मावूं लागला, तर सहावी कोण घेणार? त्यांतच कर्ज मिळणें कठीण झालें. 2018-19 मध्यें बसगाड्या धरून मध्यम व अवजड गाड्या सुमारें 3 लाख 90 हजार खपल्या होत्या. पुढील वर्षीं सव्वादोन लाखच.

2019 सालीं जमशेदपूरचा कारखाना वरचेवर कांहीं दिवस बंद राहूं लागला. शेजारच्या आदित्यपुरांतील लहान कारखान्यांचीं यंत्रेंही थंडावलीं. अशा वेळीं कायम कामगाराची नोकरी तरी टिकते. हंगामी मजुराचें नांव हजेरीपटावरून आधीं जातें. ही वांटणी आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. 2022-23 मध्यें खप पुन्हां साडेतीन लाखांवर गेला. पण तोंवर मजुरानें गांव गांठलेलें असतें, नाहींतर दुसरें काम धरलेलें असतें.