पत्ता सांगणाऱ्याला बेड्या

नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड शहरात एका विद्यार्थ्याच्या खोलीवर पोलीस येऊन थडकले. विद्यार्थ्याचे नाव रिचर्ड ओड्वायर. शेफील्ड हॅलम विद्यापीठात तो संगणकविषयक पदवीचा अभ्यास करीत होता. लंडनहून आलेल्या त्या पोलिसांसमवेत अमेरिकी शासनाचे अधिकारीही होते. एका इंग्रज विद्यार्थ्याच्या घरझडतीशी अमेरिकेचा संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर सहा महिन्यांनी मिळाले. मे २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी आपल्यापुरता तपास थांबवला आणि त्याच सुमारास अमेरिकेने या तरुणाचे प्रत्यार्पण मागितले. त्याच्यावर ठेवलेले आरोप दोन होते. स्वामित्वहक्काचा भंग करण्याचा कट हा पहिला आणि प्रत्यक्ष भंग हा दुसरा. प्रत्येकी शिक्षा पाच वर्षांपर्यंतची.

या तरुणाने केले होते तरी काय? 'टीव्ही शॅक' नावाचे एक संकेतस्थळ त्याने २००७ च्या अखेरीस उघडले होते. त्यावर एकही चित्रपट साठवलेला नव्हता. होती ती केवळ एक सूची: अमुक चित्रपट अमुक ठिकाणी पाहावयास मिळेल, तमुक मालिका तमुक ठिकाणी. नावावर बोट ठेवताच पाहणारा त्या दुसऱ्या स्थळी जाऊन पोहोचे. रोजच्या बोलीत ज्याला आपण 'लिंक' म्हणतो ते हे दुवे. ज्या ठिकाणी ते नेत होते तेथील पुष्कळसा माल निर्मात्यांच्या परवानगीवाचून ठेवलेला होता, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. आणि सूचीच्या कडेला जाहिराती होत्या. त्या जाहिरातींतून सुमारे २ लाख ३० हजार डॉलरची प्राप्ती झाली, असे अमेरिकी सरकारी वकिलांचे म्हणणे होते.

कायद्याच्या दृष्टीने या प्रकरणाची खरी मौज पुढेच आहे. असेच दुवे देणारे 'टीव्ही लिंक्स' नावाचे दुसरे एक संकेतस्थळ इंग्लंडमध्ये होते. त्याच्या चालकांवर खटला भरण्यात आला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ग्लॉस्टरच्या न्यायालयाने तो फेटाळून लावला. हे चालक केवळ वाहकाचे काम करतात, अशी भूमिका न्यायाधीशांनी घेतली होती. म्हणजे मायदेशात ज्या कृत्याबद्दल दुसरे लोक दोषमुक्त झाले, त्याच कृत्याबद्दल ओड्वायरला परदेशी तुरुंगात पाठवण्याचा घाट घातला जात होता. जानेवारी २०१२ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाने प्रत्यार्पणास हरकत नाही असा निर्णय दिला. त्याचे कृत्य निव्वळ वाहकापलीकडचे होते, असे तेथील न्यायाधीशांना वाटले. मार्चमध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी त्यावर संमतीची मोहोर उमटवली.

ओड्वायर अगदीच भोळाभाबडा होता, असेही नव्हे. जून २०१० मध्ये अमेरिकेने त्याच्या संकेतस्थळाचे '.नेट' हे नाव जप्त केले (या नावांची नोंदवही एका अमेरिकी कंपनीच्या हाती असल्यामुळे तिला ते सहज शक्य झाले), तेव्हा त्याने '.सीसी' असे दुसरे नाव घेऊन दुकान पुन्हा मांडले. दटावणीकडे केलेला हा कानाडोळा न्यायालयात त्याच्या विरुद्ध गेला. परंतु इशारा न मानणे हा एक दोष झाला, आणि परदेशातील दहा वर्षांच्या कारावासाचा धाक हे त्याचे मोल झाले. या दोहोंत काही प्रमाण असावयास हवे. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी जून २०१२ मध्ये त्याच्या बाजूने निवेदन काढले आणि त्यावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. शेवटी नोव्हेंबर २०१२ मध्ये तडजोड झाली. ओड्वायरने २० हजार पौंड भरावयाचे, पुन्हा असा उद्योग करणार नाही असे लिहून द्यावयाचे, आणि त्या बदल्यात खटला चालवला जाणार नाही. जे प्रकरण मुळातच नुकसानभरपाईने मिटण्याजोगे होते, ते दोन वर्षे एका कुटुंबाची झोप उडवून अखेर नुकसानभरपाईनेच मिटले.

दुवा ही वस्तू काय आहे, याचा थोडा शांतपणे विचार केला पाहिजे. ग्रंथालयातील तालिकापत्र म्हणजे दुवा. अभ्यासग्रंथाच्या पानाखालची तळटीप म्हणजेही दुवाच. तो ग्रंथ अमक्या कपाटात आहे असे ग्रंथपाल सांगतो, तेव्हा तो ग्रंथाची प्रत काढीत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अब्रुनुकसानीच्या एका दाव्यात हाच विचार स्वीकारला: केवळ दुवा देणे म्हणजे त्या मजकुराचे प्रकाशन करणे नव्हे. तो निर्णय स्वामित्वहक्काविषयी नव्हता हे खरे. पण बोट दाखवणे आणि हात घालणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, हे त्याने स्वच्छपणे सांगितले.

यावर निर्मात्यांचा आक्षेप असा की, तालिकापत्र लिहिणारा ग्रंथपाल निरपेक्ष असतो. चोरीच्या मालाच्या गुदामाबाहेर पाटी लावून बसणारा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जाहिरातीचे पैसे मिळवणारा मनुष्य ग्रंथपाल नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे. चित्रपटाची पहिली प्रत तयार करण्यास कोट्यवधी रुपये लागतात आणि दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. पहिल्या प्रतीचा खर्च भरून निघण्याची काही तजवीज कायद्याने केली नाही, तर पहिली प्रतच निघणार नाही. फुकट पाहिलेला प्रत्येक खेळ म्हणजे बुडालेले एक तिकीट, हा निर्मात्यांचा हिशेब मात्र अर्थशास्त्राला मान्य होण्यासारखा नाही. शून्य किमतीला असलेली मागणी आणि दोनशे रुपयांना असलेली मागणी एकच नसते, हे बारावीचा विद्यार्थीही सांगेल. तरी त्यातील काही तिकिटे खरोखरच बुडतात, आणि त्यांची भरपाई मागण्याचा हक्क निर्मात्याला आहे. वाद आहे तो भरपाई आणि बेडी यांतील अंतराचा.

जगातील न्यायालये या अंतराशी कशी झगडत आहेत, हे पाहणे उद्बोधक आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये स्वीडनमधील पत्रकारांच्या एका दाव्यात असे ठरवले की, जो मजकूर सर्वांना मुक्तपणे खुला आहे त्याचा दुवा देण्यास परवानगी लागत नाही. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, नेदरलँड्समधील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने त्याला मुरड घातली. परवानगीवाचून ठेवलेल्या छायाचित्रांचा दुवा एका संकेतस्थळाने दिला होता आणि प्रकाशकाने बजावूनही तो काढला नव्हता. न्यायालय म्हणाले, दुवा देणारा नफ्यासाठी काम करीत असेल, तर मूळ प्रत बेकायदा आहे हे त्याला ठाऊक होते असे गृहीत धरावे. तसे नव्हते हे त्यानेच दाखवून द्यावे. ही कसोटी वरवर पाहता समंजस वाटते. परंतु नफा तर वृत्तपत्रही मिळवते. दिवसाला शेकडो दुवे देणाऱ्या संपादकाने प्रत्येक दुव्यापलीकडच्या छायाचित्राची मालकी कशी तपासावी? आणि येथे लक्षात ठेवले पाहिजे की, हे दोन्ही दावे दिवाणी होते. सिद्धतेचा भार प्रतिवादीवर टाकणे दिवाणी दाव्यात एक वेळ चालेल, फौजदारीत ते कदापि चालू नये.

दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दुवा देणे म्हणजे गुन्ह्यास साह्य नव्हे असे म्हटले, आणि २०२१ मध्ये आपलेच मत फिरवले. सहा वर्षांत तोच कायदा, तेच कृत्य, आणि निर्णय उलटा! ज्या कृत्याची गुन्हेगारी न्यायमूर्तींनाच इतकी संदिग्ध वाटते, ते कृत्य गुन्हा आहे की नाही हे सामान्य नागरिकाने कसे ओळखावे?

त्या मानाने जपानने केलेला कायदा अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. तेथील चित्रकथांच्या प्रकाशकांना अशा सूचीस्थळांनी अक्षरशः जेरीस आणले होते. म्हणून २०२० मध्ये जपानी संसदेने स्वामित्वहक्क कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबरपासून अशी स्थळे चालवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. चालकाला पाच वर्षांपर्यंत, तेथे दुवे टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास. शिक्षा कडकच आहे. तथापि लोकांना खास बेकायदा प्रतींकडे नेण्यासाठीच उघडलेली स्थळे कायद्याने वेगळी काढली, आणि हक्कधारकाची तक्रार असल्याशिवाय खटला भरता येणार नाही अशी तरतूद ठेवली. काय केले असता तुरुंग भोगावा लागेल, हे तेथील नागरिकाला आधी वाचता येते.

शिक्षेच्या अर्थशास्त्रावर गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. गुन्ह्याला आळा बसतो तो पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षेची तीव्रता या दोहोंच्या गुणाकाराने, हे त्यातील मर्म. पकडण्यास खर्च येतो. शिक्षा वाढवणे तुलनेने स्वस्त. म्हणून लाखांतून एकाला पकडावे आणि त्याला जबर शिक्षा करावी, हा मोह प्रत्येक शासनाला होतो. ओड्वायर हा असाच लाखांतला एक. परंतु हे गणित सरळ लागू पडते ते दरोड्यासारख्या निखालस अपायकारक कृत्याला. दुवा देण्याचे तसे नाही. तेच बोट, तीच कृती. शंभरांतील बहुसंख्य वेळा त्यातून ज्ञानाचा प्रसार होतो आणि काही वेळा कोणाचे तरी नुकसान. येथे जबर शिक्षा ठेवली की लोक चुकीचा दुवा टाळतातच, पण त्याबरोबर शंकास्पद वाटणारा प्रत्येक दुवा टाळतात. बुडालेल्या तिकिटांचे आकडे निर्माते दर वर्षी काढतात. न दिलेल्या दुव्याची नोंद कोठेच होत नाही.

भारतात स्थिती काय आहे? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ हक्काचा जाणूनबुजून भंग करणाऱ्याला आणि त्या भंगास अपप्रेरणा देणाऱ्याला एकाच मापाने मोजते: किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कारावास, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड. भंग व्यापारी लाभासाठी नसेल तर न्यायाधीशाला शिक्षा कमी करता येते, पण ती खटल्याच्या शेवटी. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे ठरवले. त्या प्रकरणाचा दुव्यांशी काही संबंध नव्हता, पण परिणाम सर्वांनाच लागू होतो. तक्रार येताच पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करता येतो, अटकही करता येते. प्रत्येक प्रकरणी अटक करावीच असे नाही, हे खरे. परंतु ज्याने कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, अशा शिक्षकाला वा कारकुनाला 'अजामीनपात्र' हा एक शब्द पुरेसा असतो.

चमत्कारिक गोष्ट अशी की, याच कायद्याचे कलम ५२ शिक्षणाच्या बाबतीत पुष्कळ उदार आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा भंग मानला जात नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला, तो याच आधारावर. पण त्या पोटकलमात विचार आहे तो प्रतीचा. दुव्याचे नाव तेथे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने दुव्यांचा उल्लेख कायद्यात आणला तो दुसऱ्या पोटकलमात, दुवे पुरवताना होणाऱ्या तात्पुरत्या साठवणुकीपुरता. तोही हक्कधारकाने स्पष्ट मनाई केली नसेल, आणि प्रत बेकायदा असल्याची जाणीव नसेल, तरच. म्हणजे महागड्या ग्रंथातील प्रकरणांच्या छायाप्रती वर्गात वाटणाऱ्या प्राध्यापकाच्या पाठीशी न्यायालयाचा निर्णय आहे. त्याच प्रकरणाचा दुवा विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणाऱ्याच्या पाठीशी मात्र तितके स्पष्ट काही नाही.

निर्मात्यांना यात वाऱ्यावर सोडले जाते, असेही नाही. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चाचेगिरीची अनेक संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला, आणि तीच स्थळे नाव बदलून पुन्हा उगवल्यास नवा दावा न लावता त्यांनाही आदेश लागू करता येईल अशी व्यवस्था केली. ओड्वायरने केलेल्या '.नेट'च्या '.सीसी'वर हा नेमका उपाय आहे, आणि तो दिवाणी आहे. यात कोणा विद्यार्थ्याची परीक्षा बुडत नाही की कोणाचे पारपत्र जप्त होत नाही.

संसदेला कलम ६३ मध्ये करावी लागणारी दुरुस्ती चार ओळींची आहे. केवळ दुवा देणे हा गुन्हा नव्हे. ज्याने बेकायदा प्रतींकडे नेण्याचाच धंदा मांडला आहे आणि हक्कधारकाने लेखी बजावल्यानंतरही तो चालू ठेवला आहे, त्याच्यापुरताच फौजदारी इलाज राहावा. तोही हक्कधारकाच्या तक्रारीवरून. आणि गुन्हा जामीनपात्र असावा.