कोटाचा खांदा

स्त्रियांचा पोशाख दर ऋतूला बदलतो आणि पुरुषांचा पोशाख पिढ्यान्‌पिढ्या आहे तसाच राहतो, अशी एक समजूत घरोघर रूढ झालेली आढळते. या समजुतीला पुरुषवर्गाचा विशेष पाठिंबा असतो, हें सांगावयास नकोच. परंतु ज्या गृहस्थानें लग्नाच्या वेळीं शिवलेला सूट वीस वर्षें कपाटांत जपून ठेवला असेल, त्यानें तो एकदां अंगावर चढवून आरशापुढें उभें राहावें. पोट सुटलें आहे ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी कोटाचे खांदे भलतेच दिसतात, विजारीचे पाय एक तर पोटरीला आवळतात नाहीं तर बुटांवर घोळतात, आणि हें आपण त्या वेळीं हौसेनें कसें शिवून घेतलें असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाहीं. कापड तेंच आहे, शिवणहि तीच आहे. मधल्या काळांत पाहणाऱ्याची दृष्टि तेवढी बदलली. ही दृष्टि बदलण्याचें काम युरोपांतील तीन शहरांत, दर वर्षीं जानेवारी महिन्यांत, मोठ्या पद्धतशीरपणें चालतें.

जानेवारींतल्या प्रदर्शनांत जे कपडे दाखवितात ते पानगळीच्या आणि हिवाळ्याच्या मोसमाचे, म्हणजे त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून पुढें वापरावयाचे असतात. बाहेर थंडी पडलेली असतांना पुढच्या थंडीचे ओव्हरकोट पाहावयाचे, आणि जूनमध्यें पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्याचे सदरे पाहावयाचे, असा हा उफराटा क्रम आहे. त्याचें कारण निव्वळ व्यापारी आहे. पहिल्यानें फ्लॉरेन्स येथें 'पिट्टी उओमो' नांवाचा मेळा भरतो. हा १९७२ सालीं सुरू झाला, आणि फोर्तेत्सा दा बास्सो या तेथील जुन्या किल्ल्यांत त्याचें ठाणें असतें. त्यामागून मिलान, आणि शेवटीं पॅरिस. दुकानांचे खरेदीदार तेथें माल पाहतात व मागण्या नोंदवितात. मग गिरण्यांतून कापड सुटतें, कारखान्यांत तें बेतलें व शिवलें जातें, आणि पानें पिवळीं पडूं लागण्याच्या सुमारास तो कोट दुकानाच्या कांचेआड येऊन उभा राहतो. त्यांतहि पुरुषांच्या कापडाच्या दृष्टीनें पानगळ हा मोसमांचा राजा. उन्हाळ्यांत सदरा आणि विजार एवढ्यावर भागतें. थंडीबरोबर फ्लॅनेल येतें. आल्प्सच्या पायथ्याशीं असलेल्या बिएल्ला गांवच्या गिरण्यांचें तलम लोकरी कापड येतें. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवरचें हॅरिस ट्वीड येतें, जें बेटवासीयांनीं आपल्या घरींच हातानें विणलेलें असलें पाहिजे असा १९९३ चा ब्रिटिश कायदाच आहे. असल्या भरदार कापडालाच हवा तसा आकार देतां येतो, आणि म्हणूनच आकाराविषयींचे सगळे वाद याच मोसमांत रंगतात.

प्रदर्शनाची पद्धति ठराविक आहे. मध्यें एक लांबट मोकळी वाट असते, तिला रनवे म्हणतात. दोन्ही बाजूंना खुर्च्या, मोठ्यानें चाललेलें संगीत, आणि दहा-पंधरा मिनिटांत एकामागून एक येऊन जाणारे चाळीस-पन्नास सडपातळ तरुण. त्यांच्यापैकीं कोणी हंसत नाहीं. कोणाच्या गळ्यांत नीट बांधलेला टाय तर डोक्यावर पोहावयाची टोपी, कोणाचा कोट घोट्यापर्यंत लोंबणारा, कोणाच्या बाह्या बोटांच्याहि पुढें गेलेल्या. परक्याला हा सारा बहुरूप्यांचा खेळ वाटला तर त्याला दोष देतां येणार नाहीं. परंतु हीं टोकें बहुधा विकण्याकरितां नसतातच. छायाचित्रकारांची नजर खिळावी एवढ्यासाठीं तीं असतात. समोर बसलेला जाणता खरेदीदार टोपीकडे लक्ष देत नाहीं. कोटाचा खांदा अंगाच्या खांद्यावर संपतो कीं त्याच्या पुढें जातो, कंबर आवळली आहे कीं सोडली आहे, विजार मांडीवर किती ढिली आहे, एवढ्या दोन-तीन गोष्टी तो पाहतो. फरक इंचा-दोन इंचांचा असतो. पण पुढच्या हिवाळ्यांत गांवोगांवचे कोट त्याच इंचावर बेतले जातात.

हा इंच कोठून येतो हें समजण्यासाठीं कोट उसवून पाहिला पाहिजे. बाहेरचें लोकरी कापड आणि आंतलें अस्तर यांच्यामध्यें, पाहणाऱ्याला कधींच न दिसणारा असा एक तिसरा कोट दडलेला असतो. छातीवर कॅनव्हासचा ताठ पडदा, आणि त्यावर घोड्याचे केस विणलेलें कापड. खांद्याशीं कापसाची गादी. कॉलरच्या पाठीमागें जाड पट्टी. आणि हें सर्व बारीक तिरप्या टांक्यांनीं लोकरीला अशा बेतानें जोडलेलें, कीं कापडाला गोलाई यावी पण टांका मात्र वर उमटूं नये. स्वस्त कोटांत हें काम सुईऐवजीं चिकट द्रव्यानें, उष्ण यंत्राखालीं दाबून उरकतात. माणसाचे खांदे उतरते असोत, छाती बसकी असो, हा आंतला कोट त्याला ऐट देतो. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंपीआळीचा लौकिक याच कसबावर उभारलेला आहे. तेथीलच फ्रेडरिक शोल्टे या शिंप्यानें छातीवर व पाठीवर कापडाला थोडी सैल घडी देऊन कोट जरा मऊ केला, आणि तो त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या अंगावर दिसूं लागल्यानें त्याची चलती झाली. १९३० नंतरच्या दशकांत नेपल्स येथें, रुबिनाच्ची यांच्या दुकानांत काम करणाऱ्या विन्चेन्त्सो आत्तोलिनी या कारागिरानें तर खांद्याची गादीच काढून टाकली आणि बाही सदऱ्याच्या बाहीसारखी चुण्या देऊन बसविली. गरम हवेच्या गांवीं हें सुचावें हें साहजिकच होतें.

कोटाची रुंदी हा केवळ हौसेचा प्रश्न आहे असें मानणाऱ्यांनीं दुसऱ्या महायुद्धाचा काळ आठवावा. १९४२ सालीं ब्रिटिश सरकारनें पुरुषांच्या विजारींच्या पायांशीं असणाऱ्या दुमडी आणि दुहेरी छातीचे कोट यांवर बंदी घातली. लोकर वांचविणें हा उद्देश. अमेरिकेंतहि त्याच वर्षीं सुटाच्या कापडावर मर्यादा आल्या. तिकडे मेक्सिकन व निग्रो वस्त्यांतील तरुणांत गुडघ्यापर्यंत पोहोंचणारा, प्रचंड खांद्यांचा 'झूट सूट' लोकप्रिय होता. कापडाची ही चैन देशद्रोहाची खूण आहे असा बोभाटा झाला, आणि जून १९४३ मध्यें लॉस एंजेलिस शहरांत नौसैनिकांच्या टोळ्यांनीं मेक्सिकन वंशाच्या मुलांना रस्त्यांत गाठून मारहाण केली व तो सूट त्यांच्या अंगावरून फाडून काढला. कापडाचें निमित्त झालें. राग कोणावर होता हें उघड आहे.

पुरुषांचे कपडे घालून तरुणांना प्रेक्षकांपुढें चालविण्याची प्रथा त्यानंतरची. १९५२ सालीं रोमच्या ब्रियोनी या पेढीनें फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यांतील दिवाणखान्यांत तें प्रथम केलें, असें मानतात. १९६० सालीं पॅरिसला प्येर कार्दां यांनीं विद्यापीठांतील विद्यार्थीच चालविले. पण खांद्याचा खरा इतिहास पालटला तो मिलान येथें. ज्यॉर्ज्यो आर्मानी हे वैद्यकीचें शिक्षण अर्धवट सोडून एका मोठ्या दुकानांत नोकरीला लागलेले गृहस्थ. पुढें नीनो चेरुत्ती यांच्या हाताखालीं उमेदवारी करून १९७५ सालीं त्यांनीं स्वतःची पेढी काढली. माणसांची चिरफाड त्यांच्या हातून झाली नाहीं. कोटाची मात्र त्यांनीं यथासांग केली. आंतला कॅनव्हास काढला किंवा पातळ केला, गादी कमी केली, अस्तराला फांटा दिला, गुंड्या खालीं ओढल्या, आणि पूर्वीं पुरुषांच्या कोटाला न वापरलें जाणारें मऊ, पडणारें कापड वापरलें. कोट अंगावर पांघरल्यासारखा दिसूं लागला. १९८० सालच्या 'अमेरिकन जिगोलो' या चित्रपटांत रिचर्ड गीअर या नटाच्या अंगावर तो जगानें पाहिला, आणि नंतरचीं दहा वर्षें कचेऱ्याकचेऱ्यांतून खांदे रुंद होत गेले. गंमत अशी कीं, ताठपणा घालविण्यासाठीं निघालेला हा कोट शेवटीं अधिकाराचाच गणवेश बनला. आर्मानी ४ सप्टेंबर २०२५ रोजीं, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षीं वारले; तोंपर्यंत ते आपल्या पेढीचें काम पाहत होते.

लंबक उलट फिरला तो जानेवारी २००१ मध्यें. पॅरिसच्या दिओर पेढीच्या पुरुषविभागाचें पहिलें हिवाळी प्रदर्शन हेदी स्लिमान या तरुण रचनाकारानें भरविलें. त्यांत कोट छातीला चिकटलेला, खांदा हाडाच्या आंत, बाही काठीसारखी, विजार नळीसारखी. ते कपडे घालून चालणारीं मुलेंहि तशींच, काटकुळीं. साठी उलटलेले आणि चांगलेच स्थूल असलेले कार्ल लागेरफेल्ड, जे स्वतः शानेल पेढीचे रचनाकार, त्यांनीं हे कपडे आपल्याला बसावेत म्हणून सुमारें तेरा महिन्यांत चाळीस किलोंहून अधिक वजन उतरविलें. ही गोष्ट त्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगितली, आणि जगानें ती कौतुकानें ऐकली. येथें मात्र कौतुक थांबवून विचार करण्याजोगें कांहीं आहे. शिंप्याच्या दुकानांत माणसाच्या मापानें कोट होतो. येथें कोटाच्या मापानें माणूस झाला. ज्याच्या खिशांत पैसा व हाताशीं वैद्य आहे अशा वृद्धाला तें झेपलें. त्या रनवेवर चालण्याची आस धरून उपाशी राहणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांचें काय, हा प्रश्न पुष्कळ वर्षें कोणी विचारला नाहीं. शेवटीं सप्टेंबर २०१७ मध्यें एल्‌व्हीएम्‌एच्‌ आणि केरिंग या दोन मोठ्या फ्रेंच व्यापारसंघांनीं एक संयुक्त नियमावली काढली, आणि स्त्रियांत ३२ व पुरुषांत ४२ या फ्रेंच मापांचीं, म्हणजे अतिशय कृश अंगाचीं माणसें घेणें बंद करण्याचें ठरविलें. अशी सनद काढावी लागली यांतच सर्व आलें.

अरुंद कोटाची लाट पुढें बाजारांत उतरली, आणि विवाहसमारंभांतल्या नवरदेवांपर्यंत येऊन पोहोंचली. दरम्यान अमेरिकन टॉम ब्राउन यांनीं जानेवारी २००९ मध्यें फ्लॉरेन्सला एक विलक्षण देखावा मांडला: ओळीनें मांडलेल्या टेबलांशीं, टंकलेखन यंत्रांपुढें बसलेले चाळीस तरुण, सर्वांच्या अंगांत एकाच तऱ्हेचा करडा, आखूड, तंग सूट. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, जानेवारी २०२४ मध्यें, मिलानला प्राडा पेढीच्या हिवाळी प्रदर्शनांतहि कचेरींतल्या फिरत्या खुर्च्याच होत्या. मात्र पायांखालीं कांचेची जमीन आणि तिच्याखालून वाहणारा ओढा व पडलेलीं पानें. पोहावयाची टोपी आणि टाय यांची जोडी होती ती याच प्रदर्शनांत. या दोन देखाव्यांमध्यें पुष्कळ कांहीं घडून गेलें होतें. जून २०१६ मध्यें बॅलेन्सियागा पेढीच्या पहिल्या पुरुषप्रदर्शनांत खांदे खोक्यासारखे रुंद झाले. ज्याच्याजवळ तंग कोट आहे त्याला आणखी एक तंग कोट विकणें कठीण. दुकानदारालाहि रुंदी हवीच होती. मग महामारी आली. जानेवारी २०२१ चीं प्रदर्शनें बहुतेक प्रेक्षकांवांचून, केवळ चित्रफितींच्या रूपानें झालीं, आणि प्राडानें तर भल्यामोठ्या कोटांच्या आंत अंगाला बिलगणारे विणलेले आंतरपोशाख दाखविले. घरांत बसून काम करणाऱ्या माणसाला टाय नको झाला होता. तो जेव्हां रनवेवर परत आला, तेव्हां रोजच्या गरजेची वस्तु म्हणून न येता, आठवणीची वस्तु म्हणून आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

खांद्याखेरीज बाकीचा बराचसा माल उसना असतो. दर पानगळीला नवा म्हणून येणारा ट्रेंचकोट पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश अधिकाऱ्यांचा, लांकडी गुंड्यांचा डफल कोट नौदलाचा, टोपीचा पार्का उत्तर ध्रुवाकडील लोकांचा. १९६० नंतरच्या दशकांत भारताचा बंद गळ्याचा कोट 'नेहरू जॅकेट' या नांवानें युरोप-अमेरिकेंत मिरवला. त्यांत निदान नांव तरी सांगितलेलें होतें. जून २०२५ मध्यें, याच मिलानच्या उन्हाळी प्रदर्शनांत, प्राडानें जे चामड्याचे पायताण दाखविले ते पाहून महाराष्ट्रांतल्या शेंबड्या पोरानेंहि 'कोल्हापुरी' म्हटलें असतें. पण पेढीच्या टिपणांत ते नुसते चामडी सँडल होते. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील चार-चार जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. गवगवा झाल्यावर पेढीनें भारतीय कारागिरीचें ऋण मान्य केलें, आणि डिसेंबर २०२५ मध्यें दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं करार केला. डफल कोटाच्या मूळ कारागिरांना असें पत्र कोणी लिहिल्याचें ऐकिवांत नाहीं.

मुंबई-पुण्याच्या हवेंत फ्लॅनेलचा ओव्हरकोट कोणाला लागत नाहीं. पण लग्नाच्या सुटाचा खांदा दोन-चार वर्षांच्या अंतरानें त्याच जानेवारींतून येतो. तेव्हां सूट शिवावयास टाकतांना गिऱ्हाइकानें एक गोष्ट शिंप्याला विचारून घेणें बरें. विजारीच्या पाठीमागच्या शिवणींत आणि कोटाच्या कुशींत बोटभर माया ठेवलेली असली, तर पुढें अंग सुटो वा फॅशन सुटो, थोड्या मजुरींत काम भागतें. बाहीची लांबीहि कमीजास्त करतां येते. खांद्याला मात्र माया ठेवून फारसा उपयोग नसतो. तो हलवावयाचा म्हणजे बाही, कॉलर, गादी आणि कॅनव्हास सर्व सोडून पुन्हां बसवावें लागतें, आणि त्याची मजुरी ऐकून बहुतेक गृहस्थ तो कोट तसाच घडी करून कपाटांत परत ठेवतात.