मलिक अंबर कोणत्या विभागात अभ्यासायचा?

मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनेत येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि त्याची नहर-ए-अंबरी आजही तिथे दाखवतात. त्याचा अभ्यास करायचा तर फारसी कागद वाचता यायला हवेत, हबशी गुलामांचा व्यापार कळायला हवा, जमीनमहसूल कळायला हवा आणि नहरीतलं पाणी खेळतं कसं, तेही. कॉलेजातला कुठलाच एक विभाग हे सगळं शिकवत नाही. अशा प्रश्नांसाठी अनेक विषय एकत्र आणणारा अभ्यासक्रम म्हणजे ‘प्रदेश अभ्यास’, विद्यापीठांच्या भाषेत एरिया स्टडीज. त्याविषयी काही गैरसमज पक्के रुजले आहेत.

गैरसमज १ : हा भूगोलच, फक्त नाव नवं.
वस्तुस्थिती : भूगोल हा त्यातला एक धागा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४८ साली दक्षिण आशियाचा विभाग उभा केला तो डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन या संस्कृत पंडितांनी. प्राचीन ग्रंथांच्या जोडीला आधुनिक भारतीय भाषा आणि समाजशास्त्रंही शिकली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता.

गैरसमज २ : सगळं थोडं थोडं, धड काहीच नाही.
वस्तुस्थिती : चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याचा एक मुख्य विषय असतोच, बाकीचे विषय त्याला खोली देतात. एलिनॉर झेलियट इतिहासकार होत्या. डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यांवरचा त्यांचा प्रबंध १९६९चा, याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. या एका विषयासाठी त्यांना मराठी शिकावी लागली, राजकारण आणि धर्मांतर समजून घ्यावं लागलं. पुढे त्या चोखामेळ्याच्या अभंगांकडे आणि दलित कवितेकडेही वळल्या.

गैरसमज ३ : इंग्रजी आलं की भागतं.
वस्तुस्थिती : सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. एखादा पुढारी सभेत ‘आपण लढू’ म्हणतो तेव्हा समोरचा माणूसही त्या लढ्यात धरलेला असतो. ‘आम्ही लढू’ म्हटलं की तो बाहेर राहतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वी’च. केवळ भाषांतर वाचणाऱ्याला सभेत कोणाला जवळ घेतलं आणि कोणाला वगळलं, हे कळतच नाही. शिवाय खूप काही कागदावर नसतंच. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर धनगरांमध्ये वावरले. बिरोबाच्या ओव्या त्यांनी गाणाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आणि ध्वनिमुद्रित केल्या. त्यासाठी धनगरांची बोली कानात बसायला हवी होती.

गैरसमज ४ : हा सरकारचा हेरगिरीचा उद्योग.
वस्तुस्थिती : यात अर्धं सत्य आहे आणि ते लपवू नये. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला, पुढच्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षणाच्या नावाने शिक्षण कायदा केला आणि परकीय भाषांच्या शिक्षणाला पैसा मिळाला. पण पैसा देणाऱ्याचा हेतू आणि अभ्यासकाचं काम एकच असतं असं नाही. झेलियट यांचं लेखन आंबेडकरी चळवळ समजून घेणारं आहे, तिच्यावर नजर ठेवणारं नाही. सत्ता आणि ज्ञान यांच्या या नात्यावर एडवर्ड सैद यांनी १९७८ साली ‘ओरिएंटॅलिझम’मध्ये बोट ठेवलं. तेव्हापासून ही शाखा स्वतःलाच तो प्रश्न विचारत आली आहे.

गैरसमज ५ : परदेशी लोक आपला अभ्यास करतात, एवढाच याचा अर्थ.
वस्तुस्थिती : दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ साली सुरू झालं, पुढे ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झालं. मुंबई विद्यापीठातही १९७१ पासून आफ्रिकेच्या अभ्यासाचं केंद्र आहे. मुरूड-जंजिऱ्यावर मूळच्या आफ्रिकी सिद्दी नवाबांचं राज्य पार १९४८पर्यंत होतं. कोकणातल्या मुलाला आफ्रिका परकी वाटावी, असं काही नाही.

प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. त्या प्रदेशाची भाषा किती वर्षं शिकवतात? मुख्य विषय निवडता येतो का? आणि तिथे जाऊन राहण्याची सोय आहे का? पहिल्याच प्रश्नावर टाळाटाळ झाली तर पुढचे दोन विचारायची गरज नाही.