रावणाच्या बाजूला

रायपूर शहरात रावणभाठा नावाचे एक मैदान आहे. भाठा म्हणजे छत्तीसगढी बोलीत मुरमाड, पडीक जमीन. दूधाधारी मठाशी निगडित असलेला दसरा येथे साजरा होतो आणि रिवाजाप्रमाणे रावणाचा वध होतो. यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. नवल शहराबाहेर आहे. या मुलखातील कितीतरी खेड्यांत रावणाच्या पक्क्या, सिमेंटच्या मूर्ती उभ्या आहेत. त्या जाळावयाच्या नव्हेत. दसरा जवळ आला की त्यांना नवा रंग चढतो. एरवी दशानन वर्षभर उन्हापावसात गावाची सोबत करीत उभा असतो. आणि हा प्रदेश तर रामाचे आजोळ! रायपूरपासून जवळच चंदखुरी येथे कौसल्येचे मंदिर आहे. राम हा येथील लोकांचा भाचा, म्हणून मामाने भाच्याच्या पाया पडावे अशी येथील चाल आहे. ज्याच्या पाया पडावयाचे, त्याच्याच वैऱ्याला गावात कायमची जागा!

खलपुरुषाविषयीचे हे प्रेम आपल्याकडेही जुने आहे. कोकणातील दशावतारात वेद चोरणारा संकासुर येतो. शेवटी विष्णूच्या हातून तो मरणार, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरीही काळ्या वेषातला तो असुर मालवणीत थट्टामस्करी करू लागला की सारा मांड त्याचा होतो. देवाला फक्त त्याला मारावयाचे असते. बोलावयाचे असते ते संकासुराला.

मला वाटते, मूळ येथेच आहे. नायकाला मर्यादा असतात. तो संकट येईपर्यंत थांबतो. खलनायक संकट आणतो, म्हणजे कथा तोच चालवितो. वेताळाच्या चित्रकथा वाचून वाढलेल्या आपल्या पिढीला हे चटकन पटेल. अमेरिकेत १९४० साली बॅटमॅनच्या पहिल्या स्वतंत्र अंकात जोकर अवतरला. त्याच अंकात त्याला मारून टाकण्याचा बेत होता. परंतु असे पात्र दवडणे संपादकांना परवडेना, आणि ऐन वेळी एक चित्र घालून त्याला जिवंत ठेवण्यात आले. तो अद्याप जिवंत आहे.

पण जोकर निव्वळ दुष्ट. वाचक ज्याच्यासाठी भांडतात तो खलपुरुष निराळा असतो. त्याच्या कृत्यामागे पटण्याजोगे दुःख असते. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी मॅग्नेटो निर्माण केला, तेव्हा तो जगावर सत्ता गाजवू पाहणारा साधा दुष्टच होता. १९८१ साली ख्रिस क्लेअरमाँट या लेखकाने त्याला ऑश्विट्झच्या छळछावणीतील बालपण दिले. एवढ्याने सारा हिशेब फिरला. ‘आमच्या जातीचा पुन्हा संहार होऊ देणार नाही’ या त्याच्या निश्चयाला नाही कसे म्हणावे? मार्ग मात्र भयंकर. त्याचे चाहते नेमके या दोहोंच्या मध्ये उभे राहून वाद घालतात, आणि तो वाद मला मुळीच पोरकट वाटत नाही. आपण कर्णाविषयी पिढ्यानपिढ्या दुसरे काय करीत आलो आहोत?

अवघड जागा पुढे आहे. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. प्रभाकर पणशीकरांनी त्यात लखोबा लोखंडे उभा केला. वेषांतर करून अनेक स्त्रियांना फसविणारा भामटा. याला मॅग्नेटोसारखे दुःख नाही, कर्णासारखा अन्याय नाही. आहे ती केवळ हुशारी आणि थंड डोक्याने नाही म्हणण्याची हिंमत. तरी प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. हे नाटक प्रत्यक्षात घडलेल्या प्रकरणावर बेतलेले आहे, म्हणजे फसलेल्या स्त्रियाही कोठेतरी खऱ्या होत्या. दुःखी खलपुरुषाविषयी कळवळा येणे वेगळे आणि चतुर खलपुरुषावर लुब्ध होणे वेगळे. नाट्यगृहाच्या अंधारात मात्र या दोहोंना टाळ्या सारख्याच पडतात. मीही त्यांतलाच, हे कबूल केले पाहिजे. त्या खटल्यात एकेक स्त्री साक्षीला उभी राहते, आपली कहाणी सांगते, आणि आपण मनातल्या मनात वाट पाहत असतो ती लखोबा आता तिची उलटतपासणी कशी घेतो याची. घरी जाताना त्याची वाक्ये आपल्या ओठांवर असतात. त्या स्त्रियांपैकी एकीचे तरी नाव आठवते का, हे मी अनेक रसिकांना विचारून पाहिले आहे. बहुतेक जण हसून पुन्हा लखोबाचीच नक्कल करून दाखवितात.