न्हाणीघराचा उतार

बंगळूरला 1974 पासून कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरांवरून, टप्प्याटप्प्याने उपसून वर चढविले जाते. आणि तेच पाणी स्नानानंतर न्हाणीघरातील जाळीपर्यंतचे चार हात अंतर मात्र उतरत नाही! गवंडी येतो, लाद्यांच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरून जातो. पाणी साचतेच.

प्रथम जाळी काढून तिच्याखालचे भांडे स्वच्छ करावे. याला तेथील कारागीरही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्या नावात आपली न्हाणीच ऐकू येते. त्यात सुमारे 50 मिलिमीटर पाणी सदैव उभे असावे, एरवी गटाराची दुर्गंधी घरात शिरते.

भांडे स्वच्छ असूनही पाणी तुंबत असेल, तर उतार चुकला आहे. मग लाद्या उखडाव्याच लागतात. जाळीकडे दर मीटरला दीड सेंटिमीटर उतार द्यावा. त्यावर जलरोधक थर द्यावा व तो भिंतीवरही वीतभर चढवावा. थर वाळल्यावर भांड्याचे तोंड बुजवून दोन दिवस पाणी भरून ठेवावे. गवंडी घाई करील, करू द्यावी. खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली नाही, म्हणजेच नव्या लाद्यांना हात घालू द्यावा.