हेल्मेटमधले गाणे आणि कानांची शिदोरी

लातूरहून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ चाकूर, अहमदपूर, लोहा ही गावे ओलांडत सुमारे १४० किलोमीटरांनी नांदेडला पोहोचतो. या वाटेवर दुचाकीस्वारांची वर्दळ मोठी असते. अप-डाऊन करणारे शिक्षक, बी-बियाणे व औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, दूध घालणारे, शिकवणीसाठी शहरात राहून सुटीला गावाकडे निघालेले विद्यार्थी अशी सर्व प्रकारची माणसे त्यांत असतात. दुतर्फा सोयाबीन व तुरीची शिवारे, डोक्यावर ऊन आणि सोबतीला कोणी नाही. अशा प्रवासात गाण्याची संगत हवीशी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. कोणी पहाटे निघताना अभंग लावतो, कोणी जुनी चित्रपटगीते, तर नांदेडच्या वाटेवर कोणी शबद-कीर्तन ऐकत जातो.

ही आवड वाईट नव्हे. मात्र हेल्मेटच्या आत गाणे ऐकताना कानांवर, डोक्यावर आणि अवधानावर जो भार पडतो, त्याचा विचार सहसा होत नाही. घरातील तरुण मुलगा वा मुलगी कानांत काहीतरी खुपसून गाडीला किक मारते, तेव्हा पालक फार तर ‘हॉर्न ऐकू येत नाही’ एवढीच तक्रार करतात. प्रश्न त्याहून अधिक खोल आहे.

वारा किती ओरडतो?

दुचाकीवरील मुख्य गोंगाट इंजिनाचा असतो, असा आपला समज असतो. गाडीने वेग घेतला की वस्तुस्थिती बदलते. ताशी ५०-६० किलोमीटरांच्या पुढे वाऱ्याचा आवाज इतर आवाजांवर मात करतो. परदेशांत स्वारांच्या कानांजवळ सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवून मोजमापे घेण्यात आली. त्यांनुसार ताशी ६० ते ६५ किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत सुमारे ९० डेसिबल आवाज असतो आणि ताशी १०० किलोमीटरांच्या पुढे तो १०० डेसिबलच्याही वर जातो. हेल्मेटची घडण, स्वाराची उंची व गाडीची रचना यांनुसार हे आकडे थोडे खाली-वर होतात.

चांगल्या हेल्मेटमुळे आवाज आत येत नाही, हा समजही पूर्णतः खरा नाही. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी वाऱ्याच्या बोगद्यात हेल्मेट घातलेला पुतळा ठेवून अभ्यास केला. त्यात हनुवटीखालची मोकळी जागा हे आवाजाचे एक महत्त्वाचे उगमस्थान असल्याचे दिसून आले. हेल्मेट डोक्याला वाचवण्यासाठी घडवलेले असते. कानांना वाचवणे हे त्याचे मुख्य काम नाही.

दिवसाची शिदोरी

कानाच्या सहनशक्तीला दिवसाची मर्यादा असते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामगारांसाठी सुचवलेले प्रमाण असे : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालेल. त्यापुढे आवाज ३ डेसिबलने वाढला की मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. तीन डेसिबल हा आकडा लहान वाटतो. परंतु तेवढ्याने ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते.

हे गणित आपल्या वाटेला लावून पाहू. ताशी ६० किलोमीटरांच्या वेगाने लातूर-नांदेड प्रवासाला सव्वादोन ते अडीच तास लागतात. ९० डेसिबलच्या आवाजात कानांची दिवसाची शिदोरीही अडीच तासांच्या आसपासच संपते. याचा अर्थ, एकही गाणे न ऐकता केवळ वाऱ्यानेच ती संपवलेली असते.

आता त्यात गाणे मिसळू. वाऱ्याच्या गोंगाटातून शब्द स्पष्ट कळावेत म्हणून गाणे वाऱ्याहून वरचढ ठेवावे लागते आणि हात नकळत आवाज वाढवतो. कानावर पडणारा एकत्रित आवाज ९७ डेसिबलपर्यंत गेला, तर मुदत अर्ध्या तासाची उरते. लातूर सोडलेला स्वार चाकूरच्या आसपास पोहोचेपर्यंत शिदोरी रिकामी होते. पुढचे शंभर किलोमीटर तो उधारीवर ऐकत असतो आणि ही उधारी फेडता येत नाही.

कारण सरळ आहे. अंतर्कर्णातील शंखाकृती भागात, प्रत्येक कानात साधारण १५,००० केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे संदेशांत रूपांतर करून मेंदूकडे पाठवण्याचे काम त्या करतात. मोठ्या आवाजाने थकलेल्या पेशी विश्रांतीनंतर बऱ्याच अंशी सावरतात. मेलेल्या पेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्यातही प्रथम जातात त्या उंच पट्टीच्या पेशी. म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग लग्नघरातल्या गलक्यात समोरच्याचे बोलणे कळेनासे होते, ‘स’ आणि ‘श’ यांत गल्लत होऊ लागते, रात्रीच्या शांततेत कानांत शिटी वाजत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार असुरक्षित रीतीने ऐकण्याच्या सवयींमुळे जगातील १०० कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणाला धोका आहे.

हेल्मेटच्या आत काय असावे, काय नसावे

सर्वांत घातक रीत आपल्याकडे सर्रास दिसते : अख्खा मोबाइल हेल्मेट आणि गाल यांच्यामध्ये खोचणे. यामुळे हेल्मेटची पकड सैल होते, एका कानाशी आवाज एकवटतो आणि धक्का बसल्यास कठीण वस्तू थेट कवटीवर आदळते. दस्ती किंवा स्कार्फच्या घडीत फोन बांधणे हाही त्याचाच प्रकार होय.

कानात घालायच्या लहान इअरबडची अडचण निराळी. हेल्मेट चढवताना ते सरकतात किंवा आत दाबले जातात. तासाभरात कानाची पाळी दुखू लागते आणि स्वार चालत्या गाडीवर हेल्मेटमध्ये बोट घालतो. बाहेरचा आवाज कापणारे इअरबड मंद घरघर कमी करतात, हे खरे. पण वाऱ्याच्या झोतासाठी त्यांची रचना नसते आणि परिसराचे भान कमी होते ते वेगळेच. गालाच्या हाडावर टेकणारे, हाडातून ध्वनी पोहोचवणारे इअरफोन कान मोकळा ठेवतात. परंतु त्यांची दांडी हेल्मेटच्या अस्तराखाली रुतते आणि हेल्मेट नीट बसू देत नाही.

त्यातल्या त्यात बरा पर्याय म्हणजे हेल्मेटच्या अस्तरात बसणारे चपटे स्पीकर. अनेक हेल्मेटांत कानाच्या जागी त्यांच्यासाठी खोबण असते. स्पीकर कानाच्या छिद्रासमोर नेमका यावा. तो थोडा वर वा मागे सरकला तरी आवाज क्षीण होतो आणि आपण तो वाढवत जातो. स्पीकर कानाला घासत असेल, तर जागा चुकली असे समजावे. हेल्मेटमध्ये खोबण नसल्यास आतला थर्माकोल चाकूने कोरू नये. अपघातात धक्का शोषून मेंदूला वाचवतो तो हाच थर.

हेल्मेट योग्य मापाचे असले की गाणेही कमी आवाजात ऐकू येते. भुवयांच्या वर साधारण एक इंचावरून टेपने डोक्याचा घेर मोजून हेल्मेट निवडावे. पट्टा बांधून मान हलवल्यावर ते डोक्यासोबतच फिरावे आणि गालांवर हलका दाब जाणवावा. त्यावर आयएसआय चिन्ह असावे. १ जून २०२१ पासून देशात दुचाकी हेल्मेटसाठी ते बंधनकारक आहे. काच पूर्ण बंद ठेवावी. गळ्याभोवती दस्ती नीट गुंडाळून हनुवटीखालची फट झाकली तर वाऱ्याचा आवाज काही अंशी उतरतो. तिची टोके मात्र आत खोचलेली असावीत. लोंबणारी ओढणी वा दस्ती चाकात जाणे प्राणघातक ठरते.

बोळे : ऐकू येण्यासाठी कान झाका

ऐकायला विचित्र वाटेल, पण लांबच्या प्रवासात मऊ फोमचे कर्णबोळे घालणे हा कान राखण्याचा साधा मार्ग आहे. मोटारसायकल शर्यतींतील स्वार ते नेमाने वापरतात. बोळा सर्वच आवाज कमी करतो. वारा उतरतो तसा हॉर्नही उतरतो. दोघांमधील अंतर जवळजवळ तेवढेच राहत असल्याने, मोठ्या वेगात वाऱ्यावर उठून दिसणारा हॉर्न बोळ्यांसहही उठूनच दिसतो. स्पीकरचे गाणेही बोळ्यांतून ऐकता येते आणि पडद्यावर पोहोचणारा एकूण आवाज बराच कमी असतो.

बोळा स्वच्छ बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा. साध्या कापसाने हे काम होत नाही. शहरात गाडी हळू चालते, तेथे वारा नसल्याने बोळे काढून ठेवावेत. कान फुटलेला असल्यास, कानातून पाणी येत असल्यास किंवा आधीच कमी ऐकू येत असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोळे वापरू नयेत.

रस्त्याचेही ऐकावे लागते

गळीत हंगाम सुरू झाला की या दोन्ही जिल्ह्यांच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर उतरतात. एकामागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असे नाही आणि चालकाच्या डोक्याशी मोठ्या आवाजातला डेक. त्याला आपला हॉर्न ऐकू जाईल याची खात्री नाही. निदान आपल्याला तरी रस्ता ऐकू आला पाहिजे. गावातील वस्ती, फाटे, घाट, पाऊस आणि अंधार यांत गाणे बंद असावे. चालत्या गाडीवर गाणे बदलणे किंवा फोन उचलणे टाळावे.

कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२० च्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातातील उपकरणाचा वापर केवळ वाट शोधण्यापुरता, तोही लक्ष विचलित न होता, करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चालकाला, तसेच मागे बसलेल्या चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी परिधान केलेल्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे. वारा त्यांच्या कानांनाही सोडत नाही, त्यामुळे वेग व आवाज यांची पथ्ये त्यांनाही तितकीच लागू. फ्रान्सने जुलै २०१५ पासून चालकांना कानातील इअरफोन वापरण्यास मनाई केली, पण हेल्मेटमध्ये बसवलेल्या स्पीकरना मोकळीक ठेवली. कान बुजवणे आणि कानाजवळ वाजणे यांतील हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

घाम, मळ आणि घरगुती उपाय

मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो. हेल्मेट, त्याखाली कापड आणि कानात इअरबड असले की घाम आतच मुरतो. खाज, ठणका, बुरशी ही त्याची फळे. इअरबडने मळही आत ढकलला जातो आणि एके दिवशी अचानक कान गच्च होतो. अशा वेळी काडी, पिन वा किल्ली कानात घालू नये, तेल सोडू नये आणि रस्त्यावरच्या मळ काढणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये. मधुमेही व्यक्तींनी कानाचा ठणका अंगावर काढू नये. त्यांच्यात साधा संसर्गही गंभीर रूप घेऊ शकतो. हेल्मेटचे अस्तर निघत असल्यास अधूनमधून सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. एकमेकांचे इअरबड वापरू नयेत.

घरच्यांनी काय पाहावे

प्रवासाहून आलेली व्यक्ती काही वेळ मोठ्याने बोलते का, टीव्हीचा आवाज वाढवते का, कान गच्च झाल्याचे वा वाजत असल्याचे सांगते का, याकडे लक्ष द्यावे. कान थकल्याच्या या खुणा आहेत. त्या वारंवार दिसल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. लातूर व नांदेड या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. चाचणी वेदनारहित असते. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा; अशा प्रसंगी उपचारांत गेलेला प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

प्रवासाला निघताना

• गाण्यांची यादी गाडी सुरू करण्यापूर्वीच लावावी.
• गाडी उभी असताना, शेजारच्याचे बोलणे कळेल इतकाच आवाज ठेवावा आणि वाटेत तो वाढवू नये. गाणे ऐकू येत नसेल, तर वेग कमी करावा किंवा गाणे बंद करावे.
• सिग्नलला वा टोलनाक्यावर थांबताच गाणे कर्कश वाटले, तर आवाज जास्त होता असे समजावे.
• दर तासाला थांबून हेल्मेट काढावे, पाणी प्यावे. अहमदपूरचा चहा कानांनाही विश्रांती देतो.
• लांबच्या प्रवासाच्या दिवशी घरी इअरफोन बाजूला ठेवावा. शिदोरी एकदाच मिळते. ती वाऱ्याने खाल्ली असेल, तर रात्रीच्या गाण्यासाठी काही उरत नाही.