सजावट काढली की मराठी कशी दिसते?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या व्यवस्थेवर चालतं. देशभरातल्या अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांचा सांगाडा हाच आहे. मजकूर आणि छायाचित्रं तेवढी ज्याची त्याची. दर कार्यालयाने आपली वेगळी सजावट करायची नाही, हा यामागचा विचार मला योग्य वाटतो. पण तो आणखी पुढे न्यायला हवा. बाजार समिती, शाळा, वाचनालय, शेतकरी उत्पादक कंपनी अशा छोट्या संस्थांसाठी वर्डप्रेस या संकेतस्थळं रचण्याच्या प्रणालीत, ब्लॉकवर आधारलेली, स्वतःची सजावट जवळजवळ नसलेली थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या रूपाचा साचा, करून पाहायला हवी. अशा थीमवर मराठी पान कुठे बिघडतं हे उघडं पडतं, आणि ते दुरुस्तही एकाच ठिकाणी करता येतं.

वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून परिच्छेद, मथळा, चित्र, तक्ता हे सगळे सुटे ब्लॉक झाले. जुलै २०२१ च्या ५.८ मध्ये ‘थीम डॉट जेसन’ ही फाइल आली. रंग, अक्षरांचे आकार, ओळींमधलं अंतर हे नियम तिथे एकत्र लिहिता येऊ लागले. जानेवारी २०२२ च्या ५.९ पासून शीर्षपट्टी आणि तळपट्टीही ब्लॉकमधूनच रचता येते. त्याआधी थीम म्हणजे पीएचपीच्या बऱ्याच फाइली आणि सीएसएसच्या, म्हणजे सजावटीच्या नियमांच्या, लांबलचक याद्या असत. आता थीमचं नाव सांगणारी एक सीएसएस फाइल आणि पानाचा साचा असलेली एक एचटीएमएल फाइल एवढ्यावर थीम उभी राहते. प्रयोग सुरू होतो तो इथून: आधी काहीच सजवायचं नाही, काही मोडलं तरच नियम लिहायचा, आणि तोही जेसन फाइलमध्येच.

मोडतं काय, हे मराठी मजकूर घातल्यावरच कळतं. हिंगोलीतलीच नावं घ्या. मथळ्याच्या वरच्या ओळीत ‘कळमनुरी’ आणि तिच्या बरोबर खाली ‘औंढा नागनाथ’ आलं, तर ‘नु’चा उकार खाली उतरतो आणि ‘औं’च्या मात्रा अनुस्वारासह वर चढतात. रोमन लिपीच्या मथळ्यांना शोभणारं ओळींतलं आखूड अंतर इथे तसंच ठेवलं, तर दोन्ही एकमेकांना भिडतात. अक्षरांमधली जागा वाढवली की ब्राउझर शिरोरेषाच तोडतो, आणि ‘वसमत’चे चार सुटे तुकडे होतात. इंग्रजी मथळ्यात हीच युक्ती डौलदार दिसते, म्हणून तयार थीममध्ये ती सर्रास आढळते. फॉन्टचंही तसंच. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये रोमनपेक्षा कितीतरी जास्त आकृत्या असतात, त्यामुळे फाइल जड होते. अँड्रॉइड फोनमध्ये नोटोसारखा देवनागरी फॉन्ट मुळातच असतो. सेनगावच्या एखाद्या शिवारात, नेटवर्क कमकुवत असताना, हळदीचा भाव पाहणाऱ्याला दोन-तीन जाडींचे सुंदर फॉन्ट उतरवायला लावणं म्हणजे भाव उशिरा दाखवणं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: सजावट कमी केली म्हणजे वर्डप्रेसच्या आणि ब्राउझरच्या मूळ सवयी उरतात, आणि त्या तर रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडल्या आहेत. हे खरंच आहे. म्हणून ‘कमीत कमी’ म्हणजे ‘काहीच नाही’ असं धरून चालणार नाही. मथळ्यांना ऐसपैस ओळ-अंतर, अक्षर-अंतर शून्य, पाठ्यअक्षर थोडं मोठं, आणि पार्श्वभूमीशी रंगाचा फरक सुगम्यतेच्या जागतिक निकषाप्रमाणे निदान ४.५ : १ – एवढे नियम मराठी थीमला लागतातच. हजार ओळींच्या सीएसएसमध्ये असा नियम शोधणं जिकिरीचं असतं. जेसन फाइलमध्ये तो नजरेसमोर असतो, आणि एकदा बदलला की सगळ्या पानांवर बदलतो.

सगळी संकेतस्थळं एकसारखी दिसतील, अशीही तक्रार होते. दिसू द्यात. भावाचा तक्ता किंवा प्रवेशाची सूचना शोधणाऱ्याला ओळखीची मांडणी सोयीचीच पडते, आणि संस्थेची ओळख तिच्या मजकुरात, छायाचित्रांत असते. वेगळेपण हवंच असेल तर जेसनमधली रंगांची पाच-सहा मूल्यं बदलून ते मिळतं. खरा धोका निराळाच आहे. ब्लॉक संपादक दर परिच्छेदाला रंग आणि आकार बदलायची मुभा देतो. उत्साहाच्या भरात कुणी एक सूचना लाल केली, दुसरी मोठी केली, की ती सजावट मजकुराबरोबर साठते आणि पुढे थीम बदलली तरी बहुतेक वेळा तशीच चिकटून राहते. त्यावर उपाय त्याच जेसन फाइलमध्ये आहे: मनाजोगते रंग आणि मनाजोगते आकार निवडण्याची सोय तिथे बंद करता येते. मग कार्यालयातल्या लिपिकापुढे ठरलेले मोजकेच पर्याय येतात, आणि त्याला फक्त भाव, तारीख आणि सूचना बिनचूक भरण्याकडे लक्ष द्यावं लागतं.